कायदा जाहीर, ग्रंथालयाला मात्र कुलूप

कायदा आता प्रत्येकाच्या खिशात आला आहे, असा डांगोरा गेली काही वर्षे पिटला जात आहे. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत निर्णयमालिकेतील सुमारे ३४,००० निकाल इंटरनेटवर विनामूल्य खुले केले. त्याआधी २००८ सालापासून एका संगणक अभियंत्याने स्वतःच्या उद्योगाने उभारलेल्या संकेतस्थळावर न्यायालयांचे निकाल फुकट शोधता येत होतेच. केंद्रीय अधिनियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, राजपत्रही आहे. एवढ्या भांडवलावर निष्कर्ष असा काढण्यात येतो की, कायद्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा काळ संपला. ज्याला कायदा पाहावयाचा आहे त्याने फोन उघडावा, आणि ज्याला तो सापडत नाही त्याने दोष स्वतःच्या अडाणीपणाला द्यावा.

निकाल खुले झाले हे योग्यच झाले. न्यायालयाचा शब्द खाजगी प्रकाशकाच्या दुकानातून विकत घ्यावा लागत होता, ही लाजिरवाणी अवस्था त्यामुळे काही प्रमाणात तरी संपली. परंतु ज्या देशात जिल्ह्या-तालुक्यापर्यंत पोहोचणारी आणि कोणाही नागरिकाला खुली असणारी कायद्याच्या ग्रंथालयांची साखळी कधी उभीच राहिली नाही, त्या देशात तिचा काळ संपल्याची घोषणा करणे हा विनोद आहे. या विनोदाची किंमत वनजमिनीचा दावेदार, कुळ, बडतर्फ कामगार आणि कच्चा कैदी भरत असतो.

पन्नास रुपये दंड आणि चौतीस किलो सोने

जयपूर संस्थानात हरला नावाच्या इसमाला अफूविषयक कायद्याखाली ५० रुपये दंड झाला होता. हा कायदा म्हणजे संस्थानच्या मंत्रिमंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी केलेला एक ठराव होता. महाराज त्या वेळी अज्ञान होते आणि ब्रिटिश सत्तेने नेमलेले मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. ठराव झाला, पण तो कोणत्याही राजपत्रात किंवा अन्य प्रकारे जनतेपुढे कधी आलाच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निर्णय दिला की, बंद दालनात केलेला आणि लोकांना न कळविलेला ठराव हा कायदाच नव्हे. हरलाची शिक्षा रद्द झाली. स्वतंत्र भारताच्या न्यायालयाने दिलेल्या पहिल्या काही मोलाच्या निर्णयांत याची गणना व्हावयास हवी.

आता दुसरे टोक पाहा. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिचहून मनिलाकडे जाणाऱ्या विमानातील मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोन्यासह पकडला गेला. मालाच्या यादीत नोंद केल्याविना असे सोने देशातून पुढे नेण्यास बंदी घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना २४ नोव्हेंबरला, म्हणजे अवघे चार दिवस आधी, राजपत्रात छापली गेली होती. तिची त्याला माहिती असण्याचा संभव नव्हता. तरी १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की, राजपत्रात प्रसिद्धी झाली म्हणजे पुरे. पुढे अज्ञानाची सबब चालणार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले, पण ते भिन्न मतच राहिले.

सोन्याच्या चोरट्या व्यापाराविषयी कोणाला कळवळा असण्याचे कारण नाही. परंतु जो दंडक जॉर्जला लागला तोच पाथर्डीच्या ऊसतोडणी मजुरालाही लागतो. राजपत्रात छापले म्हणजे त्याला कळले, असे कायदा गृहीत धरतो. आणि खुद्द राजपत्राचे काय झाले? १ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्र सरकारने राजपत्र कागदावर छापणेच थांबविले. तेव्हापासून ते केवळ संगणकावर प्रसिद्ध होते. ज्या थोड्या ग्रंथालयांत ते बांधणी करून ठेवले जात असे, तेथील कपाटांत २०१५ नंतरची जागा रिकामी आहे. लोकांपर्यंत कायदा पोहोचल्याचे गृहीतक जसेच्या तसे आहे. पोहोचविण्याचे साधन मात्र ज्याच्या हाती यंत्र, जोडणी, इंग्रजी आणि नेमका शब्द असेल त्याच्यापुरते उरले आहे. हरलाच्या वेळचा कायदा गुप्त होता. आजच्या कायद्याला अर्धगुप्त म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

वनहक्काचा दावा आणि १८८३ सालचे गॅझेटियर

फोनवर कायदा मिळतो असे म्हणणाऱ्यांनी वनहक्काचा एक दावा हाती घेऊन पाहावा.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या पारंपरिक वननिवाशाला तर त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. याचा अर्थ त्याला १९३० पर्यंत मागे जावे लागते. पुरावा कोणता चालेल हे २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात सांगितले आहे: गॅझेटियर, जनगणना, भूमापन व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्ययोजना, वनचौकशीचे अहवाल, सरकारने नेमलेल्या समित्या व आयोगांचे अहवाल, शासकीय आदेश, अधिसूचना, परिपत्रके, ठराव, न्यायालयांचे आदेश आणि निकाल. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो, पण तेवढ्यावर भागत नाही. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावयाचे आहेत.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी. ती एका कायदे-ग्रंथालयाच्या मांडणीची यादी आहे. नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ चे, ठाण्याचे १८८२ चे, दोन्ही इंग्रजीत. जमाबंदीचे जुने अहवाल सरकारी अभिलेखागारात, कार्ययोजना वनखात्याच्या दप्तरात, म्हणजे ज्या खात्याविरुद्ध दावा करावयाचा त्याच्याच ताब्यात. जुन्या समित्यांचे अहवाल कोठे आहेत हे पुष्कळदा त्या खात्यालाही सांगता येत नाही. सुरगाण्याच्या किंवा तलासरीच्या पाड्यावरील माणसाने हे सारे गोळा करावे आणि न केल्यास त्याचा दावा पुराव्याअभावी फेटाळावा, असा हा व्यवहार आहे. नियमांनी उपविभागीय समितीवर एक कर्तव्य टाकले आहे: वन व महसूल नकाशे आणि मतदार याद्या ग्रामसभेला पुरवाव्यात. म्हणजे कागद शोधून देणे ही राज्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व कायद्याने स्वतःच मान्य केलेले आहे. ते नकाशांपाशीच का थांबावे, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

परिणाम सर्वांसमोर आहेत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी आणि आदिवासी रक्ताळलेल्या पायांनी चालत आले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत वनजमिनींच्या दाव्यांची मागणी अग्रभागी होती. त्यानंतर वर्षभरात, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. देशभर उसळलेल्या संतापानंतर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. हे दावे कोणत्या कागदांच्या अभावी फेटाळले गेले आणि ते कागद कोणाच्या कपाटात होते, हा प्रश्न त्या पंधरा दिवसांत किती जणांनी विचारला? मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसांना कागद आणण्याचा आळस होता, असे तर कोणी म्हणणार नाही.

न्यायालयाचा शब्द, प्रकाशकाची मालकी

आपल्या देशात कायदा केवळ विधिमंडळात तयार होत नाही. संविधानाच्या १४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. अर्थात निकाल हाही कायदाच. मग हा कायदा छापला कोणी?

१८७५ साली इंग्रज सरकारने उच्च न्यायालयांच्या निकालांची अधिकृत मालिका काढण्यासाठी कायदा केला. पण अधिकृत मालिका रेंगाळत राहिल्या आणि त्या पोकळीत खाजगी प्रकाशन शिरले. मुंबईत १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टर निघू लागले. १९१४ पासूनचे निकाल देणारी ऑल इंडिया रिपोर्टर ही मालिका नागपुरातून निघते. १९६९ पासून लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीची सुप्रीम कोर्ट केसेस ही मालिका आली. या मालिकांच्या संपादकांनी परिश्रम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. वकील आणि न्यायाधीशांच्या कित्येक पिढ्या त्यांवर पोसल्या. परंतु सार्वजनिक कर्तव्य खाजगी हाती गेले की त्याला कुंपण पडते, हा नियम येथेही चुकला नाही.

हे कुंपण किती दूर जाऊ शकते ते ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात दिसले. निकालांच्या सीडी विकणाऱ्या दोन व्यावसायिकांविरुद्ध कंपनीने दावा केला होता. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, निकालाच्या मूळ मजकुरावर कोणाची मालकी नाही. एवढे बरे झाले. परंतु त्याच निकालात असेही ठरले की, मजकुराचे परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणे, कोणत्या न्यायमूर्तींचे मत सहमतीचे आणि कोणाचे भिन्न हे दर्शविणे, या संपादकीय कामावर प्रकाशकाचा हक्क आहे. हेडनोट तर प्रकाशकाचीच. न्यायालयात वकील ‘परिच्छेद अमुक’ म्हणून बोट दाखवितो तेव्हा ते बोट अनेकदा खाजगी मालमत्तेवर ठेवलेले असते.

गंमत पुढेच आहे. मौलिकतेची ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २००४ च्या निर्णयातून घेतली. तो खटला होता एका कायदे-ग्रंथालयाचा! टोरोंटोच्या ऑसगूड हॉलमधील वकील-संस्थेचे ग्रंथालय मागणीप्रमाणे निकालांच्या आणि ग्रंथांतील उताऱ्यांच्या झेरॉक्स प्रती करून देत असे. त्यावर कायद्याच्या प्रकाशकांनी दावा ठोकला. तेथील न्यायालयाने प्रकाशकांची मालकी मान्य केली, पण संशोधनासाठी प्रत देणारे ग्रंथालय कोणताही गुन्हा करीत नाही, वाचकाचाही एक हक्क असतो, असे निक्षून सांगितले. त्या निर्णयातली कसोटी आपल्याकडे आली. ग्रंथालय मात्र तिकडेच राहिले, कारण आपल्याकडे ज्याच्यावर दावा ठोकावा असे ग्रंथालयच नव्हते.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील एक कलमही या संदर्भात ध्यानात घ्यावे. सरकारी कृतींवर पहिली मालकी सरकारची आणि ती ६० वर्षांची. तिला ५२ व्या कलमात अपवाद आहेत. न्यायालयाचा निकाल, न्यायालयानेच मनाई केली नसेल तर, कोणालाही छापता येतो. विधिमंडळाचा अधिनियम मात्र त्याबरोबर काही भाष्य किंवा अन्य स्वतंत्र मजकूर जोडला असेल तरच! म्हणजे एखाद्या कामगार संघटनेने किमान वेतनाचा कायदा शब्दशः छापून गेटवर वाटला, तर कायद्याच्या अक्षराप्रमाणे तो भंग ठरू शकतो. त्याखाली चार ओळी लिहिल्या की सुटका. कायद्याचे पालन करा, पण तो जसाच्या तसा छापू नका, असे सांगणारे हे कलम साठ वर्षांहून अधिक काळ कोणालाही खुपलेले नाही, यातच सारे आले.

‘पण आता सर्व फुकट आहे’ या युक्तिवादाचा खोटेपणा येथे उघड होतो. फुकट आहे तो निकालाचा सुटा मजकूर. तो निकाल आज जिवंत आहे की पुढे मोठ्या खंडपीठाने उलथविला, कोणत्या कलमात केव्हा दुरुस्ती झाली, अधिनियमाखालचे नियम घटनेच्या दिवशी कोणते होते, हे सांगणारी साधने, म्हणजे निकालांचा पुढचा प्रवास नोंदविणाऱ्या सूच्या, अद्ययावत टीकाग्रंथ आणि दाव्यांचे नमुने, प्रामुख्याने वर्गणी भरणाऱ्यांसाठी आहेत. कारखानदाराच्या वकिलाच्या मेजावर ती असतात. बडतर्फ कामगाराला मिळतो शोधयंत्राने पुढे ढकललेला, कदाचित दहा वर्षांपूर्वीच रद्द ठरलेला निकाल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या; त्याआधी १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे बदलले. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘उद्योग’ या शब्दाचा जो व्यापक अर्थ लावला, त्याच्या जोरावर कितीएक रुग्णालयांतील आणि शिक्षणसंस्थांतील कर्मचारी कामगार ठरले. नव्या संहितेत त्या शब्दाची व्याख्याच बदलली आहे. स्थायी आदेश पूर्वी १०० कामगारांच्या आस्थापनेला लागू होत, आता ३०० च्या. जुनी प्रकरणे जुन्या कायद्याने चालणार, नवी नव्याने. याचा अर्थ पुढची कित्येक वर्षे दोन्ही कायदे, दोन्हींचे नियम आणि जुन्या कलमाचे नवे कलम कोणते याचे कोष्टक एकाच मेजावर लागणार आहे. ग्रंथालयाची गरज संपल्याचे नेमक्या याच काळात सांगण्यात येत आहे!

जी ग्रंथालये आहेत ती कोणाची?

कायद्याची ग्रंथालये देशात नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश ग्रंथालयात लाखो ग्रंथ आहेत, ते न्यायमूर्तींसाठी. उच्च न्यायालयांत आणि जिल्हा न्यायालयांत वकील संघांची ग्रंथालये आहेत. ती सभासद वकिलांसाठी. विधी महाविद्यालयांची ग्रंथालये विद्यार्थ्यांसाठी. सरकारी जागेत, सरकारी विजेवर आणि पुष्कळदा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या या खोल्यांच्या दारात पक्षकार बाकावर बसून असतो. त्याचाच खटला आत शोधला जात असतो. आत जाण्याची मुभा तेवढी त्याला नाही.

दुसऱ्या बाजूस महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. तेथे कादंबऱ्या आहेत, दिवाळी अंक आहेत, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत; कायद्याचे म्हणावे तर कोठेतरी कूळकायद्याची जुनी प्रत. अनुदान तुटपुंजे, ते वेळेवर नाही, सेवकांना वेतनश्रेणी नाही. मद्रासने १९४८ साली ग्रंथालय कर लावला. महाराष्ट्राच्या कायद्यात तो ठेवलाच नाही. अशा ग्रंथालयाने राजपत्र छापून बांधावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्याकडे पाहिले तर नवल वाटते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात प्रत्येक काउंटीत, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्यात, कायद्याचे सार्वजनिक ग्रंथालय असलेच पाहिजे असा कायदा आहे. लॉस एंजेलिसचे ग्रंथालय १८९१ पासून चालू आहे. कोणीही आत जावे, बाजारात जबर वर्गणी पडणारे निकालांचे संगणकीय संच तेथील यंत्रावर विनामूल्य पाहावे, अर्जांचे नमुने उतरून घ्यावे. ग्रंथपाल सल्ला देत नाही, पण कोणत्या कपाटात काय आहे ते दाखवितो. दिवाणी दावा दाखल करताना भरावयाच्या शुल्काचा एक हिस्सा या ग्रंथालयांकडे जातो. भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या नोटिशीला उत्तर कसे द्यावयाचे हे तो भाडेकरू तेथे बसून शोधू शकतो.

हे चित्र रंगवून कोणी अमेरिकेचे गोडवे गाऊ नयेत. तेच संच दोन महाकाय कंपन्यांच्या मुठीत आहेत. जॉर्जिया राज्याने तर आपल्या अधिकृत सटीप कायदेसंग्रहावर स्वामित्वहक्क सांगून तो फुकट प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेवर खटला भरला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये पाचास चार मतांनी राज्याचा दावा फेटाळला. चार न्यायमूर्तींना तो मान्य होता, हेही लक्षात ठेवावे. १९७७ साली त्याच न्यायालयाने तुरुंगांत कैद्यांसाठी कायद्याचे पुरेसे ग्रंथालय किंवा जाणकारांचे साहाय्य दिलेच पाहिजे असे सांगितले, आणि १९९६ साली त्या हक्काचे पंख कापले. दावे कमी झाले की शुल्क घटते आणि शुल्क घटले की ग्रंथालय उपाशी राहते, हा अनुभव कॅलिफोर्नियाने २००९ नंतर घेतला. तरीही इमारत उभी आहे आणि दार उघडे आहे. लेनिनने १९१३ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाविषयी लिहिताना दुर्मिळ ग्रंथ किती हे न मोजता पुस्तके किती लोकांच्या हाती जातात हे मोजले होते. त्याच मापाने आपली न्यायालयीन ग्रंथालये मोजली तर काय उरेल?

तुरुंगातील कागद

कायद्याचा कागद हाती असणे म्हणजे काय, हे या देशातील कम्युनिस्टांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. १९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यातील १४ व्या कलमाप्रमाणे स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढेही उघड करण्यास बंदी होती, ए. के. गोपालन यांच्या खटल्यात ते कलम रद्द झाले, गोपालन मात्र आतच राहिले. १९६५ साली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले, तर हस्तलिखित बाहेर पाठविण्यास सरकारने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरविला. १९७८ साली होसकोट प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, म्हणजे १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात विधी खाते सांभाळलेल्या माणसाने, शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि विनामूल्य मिळालीच पाहिजे असे बजावले. प्रत नसेल तर अपील नाही, इतका साधा तो हिशेब. तोच हिशेब तुरुंगाबाहेर लावावयास काय हरकत आहे?

भाषेची दुसरी भिंत

कागद हाती आला तरी तो वाचता आला पाहिजे. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे काम इंग्रजीत. राज्याने मराठीत अधिनियम केला तरी त्याचा राजपत्रातील इंग्रजी पाठच प्राधिकृत मानला जातो. १९७३ च्या कायद्याने केंद्रीय अधिनियमांची प्रादेशिक भाषांतील भाषांतरे प्राधिकृत करण्याची सोय केली, पण ती मराठी भाषांतरे कोठे विकत मिळतात हे तालुक्याच्या गावी विचारून पाहावे. सर्वोच्च न्यायालय आता निकालांची भाषांतरे यंत्राच्या साहाय्याने करून प्रसिद्ध करते. त्यांखाली अशी टीप असते की, हे भाषांतर पक्षकाराला समजण्यापुरतेच आहे, अन्य कामी वापरता येणार नाही. समजून घ्या, पण वापरू नका!

बेळगावच्या मराठी शेतकऱ्याला महसुली कागद कानडीत मिळतो आणि वरचा निकाल इंग्रजीत. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मराठी कामगाराची स्थिती याहून निराळी नाही, आणि मुंबईतील तेलुगू किंवा भोजपुरी कामगाराची तर मुळीच नाही. बडोद्याचे नाव निघाले म्हणून सांगावयाचे: सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालास आणून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि १९३१ साली त्याच संस्थानने ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा मराठी, गुजरातीसह आठ भाषांतील राज्यकारभाराचा शब्दकोश छापला. एका संस्थानिकाला जे सुचले ते प्रजासत्ताकाला पाऊणशे वर्षांत सुचू नये, ही टीका संस्थानिकांचे कौतुक म्हणून कोणी वाचू नये.

चळवळीचे स्वतःचे कपाट

दोष सारा सरकारच्या पदरात टाकूनही भागणार नाही. मार्क्सने कामाच्या दिवसावरील प्रकरण ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून, फॅक्टरी इन्स्पेक्टरांच्या छापील सरकारी अहवालांतून उभे केले, हे अभ्यासवर्गात सांगितले जाते. परंतु किती युनियन कचेऱ्यांत गेल्या दहा वर्षांचे किमान वेतनाच्या अधिसूचनांचे बाड नीट लावलेले सापडेल? कायदा एका वकील कॉम्रेडच्या डोक्यात असतो आणि तो आजारी पडला की युनियनही आजारी पडते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कायद्याचा सारांश आणि १९४६ च्या कायद्याने स्थायी आदेश, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावणे मालकावर बंधनकारक केले होते. कामगारांनी तो फलक वाचावा म्हणून संघटनांनी काय केले, हेही विचारले पाहिजे. आपल्या हाती आलेले निकाल, तडजोडी आणि ग्रामसभांनी मिळविलेले नकाशे संघटनांनी जपून एकमेकांना दिले, तर निम्मे ग्रंथालय उद्याच उभे राहील. उरलेले निम्मे मात्र राज्याचे देणे आहे आणि ते मागूनच घ्यावे लागेल.

मागणी अवघड नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात आणि प्रत्येक तालुक्याच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात कायद्याचा खुला कक्ष असावा. तेथे केंद्र व राज्याच्या अधिनियमांचे, नियमांचे आणि अधिसूचनांचे तारीखवार अद्ययावत संच, छापील राजपत्र, मराठी आणि त्या भागातील अन्य भाषांतील प्राधिकृत पाठ, जिल्ह्याची जुनी गॅझेटियर आणि जमाबंदी अहवाल, वनखात्याच्या कार्ययोजनांच्या प्रती असाव्यात. निकालांच्या संगणकीय संचांची वर्गणी राज्याने एकत्रितपणे भरावी आणि यंत्र सर्वांना खुले ठेवावे. वेतनश्रेणीवरचा, प्रशिक्षित ग्रंथपाल असल्याशिवाय या सर्वाची अडगळ होईल, म्हणून तो प्रथम. अधिनियम शब्दशः छापण्यावरची ५२ व्या कलमातील अट काढून टाकावी. खर्च न्यायालयीन शुल्कातून करावा असे कोणी सुचवील. कॅलिफोर्नियाचा अनुभव पाहता तो मार्ग धोक्याचा आहे, शिवाय दावा लावणाऱ्या गरिबावरच तो बोजा पडेल. पैसा राज्याच्या तिजोरीतून आला पाहिजे. संविधानाच्या ३९-अ अनुच्छेदाने मोफत विधिसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे, आणि १९८७ च्या कायद्याखालील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे त्यासाठीच आहेत.

या प्राधिकरणांकडे आणि राज्य ग्रंथालय परिषदेकडे लेखी निवेदने गेली पाहिजेत. सोबत त्या-त्या तालुक्यात पुराव्याअभावी फेटाळलेल्या वनहक्क दाव्यांची यादी जोडावी, आणि प्रत्येक दाव्यासमोर कोणता कागद मिळाला नाही व तो कोणत्या कचेरीत आहे, हे लिहावे.